गाळावरची चाकं

टाकळी एकदम वर येत नाही. संक्रांत झाली की बंधाऱ्याचं पाणी उतरायला लागतं. आधी शाळेची स्लॅब दिसते, मग मारोतीच्या पाराचे वरचे दगड, मग घरांचे ओटे. भिंती मातीच्या होत्या, त्या केव्हाच विरघळल्या. दारं, चौकटी, वासे लोकांनी गाव उठलं तेव्हाच ट्रॅक्टरवर घालून नव्या टाकळीला नेले. उरलं ते दगडाचं आणि सिमेंटचं. दर हिवाळ्यात पाणी ते थोडं थोडं करून परत देतं, आणि पावसाळा आला की पुन्हा घेऊन जातं.

यंदा मी सायकलवर एकटीच गेले. भातकुलीच्या पुढे डांबर सोडून पांदणीला लागले तेव्हा ऊन कोवळं होतं. दोन्ही बाजूंना बाभळी, मधे मुरमाचा पट्टा, आणि रुंद टायरखाली खड्यांचा तो ओळखीचा आवाज, तव्यावर ज्वारीचे दाणे फुटतात तसा. हरभऱ्याच्या कडेनं जाताना पोटऱ्या ओल्या झाल्या. हरभऱ्यावरचं ते आंबट दव, आंब, कातडीला चावतं. मी बोटानं पुसून जिभेला लावलं. दादा असंच करायचा. आंब जिभेवर आली आणि मग मला पुढचा रस्ता दिसेना, मागचाच दिसायला लागला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्यापेक्षा बराच मोठा. जनावरांचा डॉक्टर. भातकुली तालुक्यातल्या किती अडलेल्या गाई त्याच्या हातून सुटल्या ते त्यालाही सांगता यायचं नाही. या सायकली त्यानंच आणल्या, एक स्वतःला, एक मला. शर्यतीच्या सायकलीसारख्या हलक्या, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, पण टायर चांगले रुंद आणि खाचांचे. डांबरावर पळते, मुरमावर पळते, बांधावरून नेली तरी कुरकुरत नाही. आत ट्यूब नसते. रबराच्या चिकाचं पांढरं दूध भरतात. काटा शिरला की ते दूध भोकात थिजतं आणि हवा राहते. गावोगावी लोक विचारायचे, "डाक्टरसाहेब, टायरात दूध?" आणि दादा गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "म्हशीचं. गाईचं पातळ पडते."

कुठं थांबायचं असलं की तो सायकलच्या नळीवर बैलाच्या मानेवर थोपटावं तसं थोपटायचा आणि म्हणायचा, "हो, हो, हो." माझी हसून पुरेवाट व्हायची.

आमचे रविवार ठरलेले. मी अमरावतीच्या एका टोकाला, दादा-वहिनी दुसऱ्या टोकाला. उजाडता उजाडता आम्ही बडनेऱ्याच्या रस्त्यावर भेटायचो. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत वहिनीनं दिलेली भाकर, ठेचा आणि संत्री. पांदणी, पाटाचे रस्ते, कुठं रेल्वेच्या कडेची गिट्टी. डांबराला लागायचंच नाही असा त्याचा नेम होता. पहिल्या हिवाळ्यात आम्ही पूर्णेच्या काठानं इतके भटकलो की कोणत्या शिवारात तुरीला आधी फूल येतं, कुठल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारं आहे, ते पायांना पाठ झालं. खारपाणाची ती जमीन. काळी माती वाळली की वर मिठासारखा पांढुरका थर येतो आणि उन्हात लांबून पाणी असल्यासारखा चमकतो. जवळ जावं तर पाणी नसतं.

आणि टाकळी. ती आमच्या मामाची. लहानपणी उन्हाळे तिथं गेले. वेचणीनंतरचा राहिलेला कापूस मागच्या खोलीत छतापर्यंत भरलेला असायचा आणि आम्ही त्याच्यात झोपायचो. कापसाला वास नसतो असं शहरातले लोक म्हणतात. भरल्या खोलीतल्या कापसाला वास असतो, उबदार, थोडा तेलकट, आतल्या सरकीचा. त्यात तोंड खुपसलं की बाहेरचे आवाज बंद. मामी हाक मारायची ती तेवढी ऐकू यायची. तिचा आवाज बारीक होता, पण कापसातून आरपार यायचा, "जेवाले याऽऽ." मामी गाव उठायच्या आधीच गेली. बरं झालं, असं मामा म्हणतो. तिला नवं घर आवडलं नसतं.

सायकलवरून पहिल्यांदा जुन्या टाकळीत शिरलो ती सकाळ धुईची होती. दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. गाळावर चाक गेलं की आवाज बंद होतो. मुरमाचा तो तडतडाट एकाएकी थांबला आणि वाटलं कान बसले. गल्लीच्या दोन्ही बाजूंना नुसती जोती. आम्ही मोजत चाललो: हे कुणाचं, ते कुणाचं. मामाच्या जोत्यापाशी आलो तर स्वयंपाकघराच्या जागी कोणीतरी उभं होतं. उंच, करडं, मान आमच्याकडे वळवलेली. मग त्यानं कान हलवला. रोही होता, नीलगाईचा चांगला मोठा नर. तो चुलीच्या जागेवरून उतरला, जिथं दार होतं बरोबर तिथूनच बाहेर पडला आणि धुईत गेला. भिंत नव्हती, कुठूनही जाता आलं असतं.

"पाह्यलं काय वं छोटे?" दादा हळूच म्हणाला. "दारातूनच गेला."



चाक दिसलं ते दुसऱ्या हिवाळ्यात.

पाणी दर आठवड्याला थोडं मागं सरकायचं आणि नवा गाळ उघडा पडायचा. गुळगुळीत, वरून पापडीसारखा वाळलेला. त्याच्यावर टिटव्यांची पावलं, बगळ्यांची, रोह्यांचे खूर. माणसाचं पाऊल नाही. माणूस तिकडे फिरकतच नसे. त्या रविवारी पारापर्यंतचा गाळ नवाच उघडा पडला होता, आणि त्याच्यावरून एक चाक गेलेलं होतं. मधे बारीक शंकरपाळ्या, कडेला जाड बोंडं. चिखलात उमटलं की तीन पेडांची वेणी घातल्यासारखं दिसायचं. आमच्या टायरांचा ठसा मी कुठंही ओळखला असता.

"आपलंच हाये," दादा म्हणाला. "मांगच्या रविवारचं."

"दादा, मागच्या रविवारी इथं पाणी होतं. आपण तिकडे, शाळेपाशी बसलो होतो."

तो खाली बसला. वीत लावून ठसा मोजला, मग स्वतःच्या टायरला लावली. उठला, इकडेतिकडे पाहिलं आणि हसला. "म्हंजे आपल्यासारखा अजून एक येडा हाये जिल्ह्यात. अकोल्याकडचा असन."

आम्ही ठशाच्या बाजूबाजूनं गेलो. चाक पाराला वळसा घालून मामाच्या गल्लीत शिरलं होतं. मामाच्या ओट्यापाशी थांबलं होतं. ओट्याच्या दगडावर संत्र्याची साल होती, ताजीच म्हणावी अशी. दादानं उचलून वास घेतला.

"आजची नाई. दोन-तीन दिसाची."

मग त्यानं ती साल होती तिथंच नीट ठेवली, कोणाची तरी वस्तू परत ठेवावी तशी.

परतताना नव्या टाकळीत मामाकडे थांबलो. मामा खाटेवर ऊन खात बसला होता. त्याला विचारलं, जुन्या गावात कोणी सायकल घेऊन जातं का?

"सायकल?" मामा म्हणाला. "इथल्या पोराइले मोटरसायकलीबिगर संडासले जाता येत नाई. अन् तिकडं कोन जाते बापा? गाळात पाय गेला त निंघत नाई. तुमीबी नका जाऊ. कावून जाता?"

"पाहाले," दादा म्हणाला.

"काय हाये पाहाले? हाये का काई?"

मामानं माझ्याकडे पाहिलं आणि भाच्याला आणखी चहा टाक म्हणून सुनेला सांगितलं.

त्यानंतर दर रविवारी. पाणी सरकलेलं असायचं, नव्या गाळाची पट्टी उघडी पडलेली असायची, आणि तिच्यावर आमच्या आधी चाक उमटलेलं असायचं. कधी विहिरीपर्यंत, कधी तेल्याच्या घराकडे. एकदा तर शाळेच्या अंगणात गोल, गोल, गोल, एखादं पोर नवीन सायकल शिकतं तसं. भिंतीवरचे पाढे सातापर्यंत पाण्यानं धुऊन गेले होते, आठापासून पुढचे दिसत होते, आणि खाली ती गोल वेणी. मला तिथं उभं राहवेना. आम्ही रविवार सोडून आडवारी यायचं ठरवलं, म्हणजे तो माणूस सापडेल. पण माझं कॉलेज, दादाचा दवाखाना, जमलंच नाही.

दादा बदलत होता. हे आता कळतं. तेव्हा मला वाटायचं की त्या चाकानं त्याला झपाटलंय. गप्पा कमी झाल्या. पांदणीत मधेच उतरून कान देऊन उभा राहायचा. "ऐकू येते काय वं? मांगं सायकल हाये." मी कान द्यायचे. तुरीच्या वाळल्या शेंगा वाऱ्यावर वाजायच्या, खुळखुळ्यासारख्या. दुसरं काही नाही. पण एकदा ऐकल्यावर मलाही वाटायला लागलं. शेंगा कुठं संपतात आणि चाक कुठं सुरू होतं ते कळेनासं झालं. सरळ सांगायचं तर मी भ्यायला लागले होते, आणि तरी रविवार आला की हवा तपासून तयार असायचे. भीतीलाही एक ओढ असते. त्या दिवसांतलं संत्रं जेवढं गोड लागलं तेवढं नंतर कधी लागलं नाही.

मग महाशिवरात्रीच्या सुमाराचा तो रविवार. धुई नव्हती, वारा नव्हता. पाणी पत्र्यासारखं पडलेलं. मामाच्या परसापलीकडे गाळ संपून पाणी सुरू होत होतं, आणि चाक सरळ पाण्यात गेलेलं होतं. वळण नाही, पाय टेकल्याची खूण नाही. गेलं आणि बाहेर आलं नाही.

"दादा, आपण नव्या गावात जाऊन सांगू. कोणी बुडालं असेल."

तो सायकलवर बसला आणि त्या ठशावर आपलं चाक बरोबर ठेवून पाण्यात गेला.

मला आधी वाटलं गंमत करतोय. टायर बुडालं. पायडल बुडालं. तो तसाच, संथ, पुढे. समोर पाण्यात मेलेला कडुनिंब उभा होता, त्याच्यावर पाणकावळे पंख पसरून बसलेले. एकही उडाला नाही. मी ओरडले. सायकल टाकून पळत गेले. गाळात पाय घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. पाणी इतकं गार की श्वास अडकला. त्याची सायकल थांबली होती आणि तो तिच्यावरून उतरून छातीभर पाण्यात चालत होता. मी मागून त्याचा सदरा धरला.

"दादा! कुठं चाललास?"

तो वळला. चेहरा शांत. मी उगीचच इतकी घाबरलेय असं वाटावं इतका शांत.

"जेवाले बलावून राह्यली ना मामी," तो म्हणाला. "तुले नाई आयकू आलं?"

त्याला कसं बाहेर काढलं, सायकल कशी ओढली, मला नीट आठवत नाही. मामाच्या नातवानं जीपमधून आम्हाला अमरावतीला आणलं. दादा वाटेत झोपला. त्याच्या कपड्यांना गाळाचा वास येत होता, थंड, लोखंडासारखा.

वहिनी दारात आली. सुनीतावहिनी अकोल्याची, बोलायला फटकळ, पण त्या दिवशी तिनं आरडाओरडा केला नाही. टॉवेल आणला, त्याचं डोकं पुसायला लागली.

"बुधवारीबी असेच वले होऊन आले," ती म्हणाली. "म्या म्हटलं थंडीचे दिवस हायेत, नदी-नाल्यात कावून शिरता?"

"बुधवारी?"

"हो. अन् मांगच्या शुक्रवारी. तुले काय सांगू, हे ओसरी धुऊन धुऊन हात गेले माहे. तो पांढरा गाळ निंघत नाई."

तिनं बोट दाखवलं. ओसरीच्या फरशीवर, दारापासून भिंतीपर्यंत, वाळलेल्या पांढऱ्या मातीची एक वेणी होती. नुसती एक नाही. एकीवर एक, पुसट, ताज्या, कितीतरी.

"वहिनी, मी बुधवारी नव्हते गेले."

तिचा हात थांबला.

"नव्हती गेली म्हंजे? हे त सांगतेत, छोटी हाये संगं. आठवड्यातून दोनदा-तीनदा, पाहाटे. छोटी नाक्यावर उभी हाये म्हणतेत. म्हणूनच त मी बिनघोर राहते." तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तू नव्हती त मंग कोन होतं?"

दादा खुर्चीवर बसून टॉवेलच्या आडून आमच्याकडे पाहत होता. त्यालाही तेच विचारायचं असावं.

मग दवाखाने झाले. अमरावती, अकोला, नागपूर. मेंदूचे फोटो. दादाचं वय पाहता इतक्या लवकर हे होत नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि मग झालंय असंही म्हणाले. आजाराचं नाव लांबलचक होतं, घरात आम्ही त्याला विसर म्हणायला लागलो. जनावरांची औषधं तो काही महिने विसरला नाही. माणसं आधी गेली. तो पाण्यातून बुधवारी कुठून बाहेर आला असेल तेही मग मी जाऊन पाहून आले. शाळेच्या दगडी पायऱ्या पाण्यापर्यंत उतरतात. दगडावर चाक उमटत नाही.

ज्या दिवशी त्याला सगळं समजावून सांगितलं तो दिवस चांगला होता, म्हणजे त्याचं डोकं साफ होतं. आम्ही अंगणात बसलो होतो. वहिनी गवार मोडत होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मधेमधे मान हलवली, डॉक्टरकीच्या दोन शंकाही विचारल्या.

"म्हंजे थो मीच होतो," तो म्हणाला.

"हो, दादा."

"अन् आपण त्याले धुंडत होतो." तो हसला, पूर्वीसारखा. "एकदा भेटाले पायजे होता वं थो. चांगला चालवत होता."

वहिनी उठून आत गेली.

आता ते दोघं अकोल्याला असतात, वहिनीच्या भावांच्या जवळ. अमरावतीचं घर भाड्यानं दिलं. मी महिन्यातून एखादा रविवार जाते, कधी गाडीच्या डब्यात सायकल घालून, कधी मोटारीच्या टपावर बांधून. सायकल चालवू द्या, कोणीतरी बरोबर असू द्या, असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. पायांना अजून सगळं येतं. त्याला खोगिरावर बसवलं की पाठ सरळ होते, बोटं ब्रेकवर आपोआप जातात, खड्डा आला की तो बुड उचलतो. मुरमावर मागचं चाक घसरलं तर सावरतो. मला जमत नाही इतकं सहज.

यंदा टाकळीहून आले त्याच्या पुढच्या रविवारी मी अकोल्याला गेले. कृषी विद्यापीठाच्या मागच्या शिवारात मुरमाचे लांब सरळ रस्ते आहेत, दोन्ही बाजूंना ज्वारी. कणसं भरली होती. सकाळचं ऊन होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तो पुढे, मी बाजूला. त्या दिवशी तो बोलत होता. बऱ्याच दिवसांनी.

"बाई, तुमी कोन्या गावच्या?" त्यानं विचारलं.

हे आता नवीन नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा मी पांदणीत सायकल टाकून रडले होते. आता उत्तर देते.

"अमरावतीची."

"असं काय. आमीबी तिकडचेच." तो खूश झाला. "सायकल बेस चालवता. बायामानसं अशी चालवत नाईत. माही बहीण चालवते. छोटी."

"हो का?"

"लई दम हाये तिच्यात. दर रविवारी येते माह्यासंगं. भेते, पन येते." त्यानं मान वळवून मागं पाहिलं. मग ब्रेक दाबले. "थांबा जराक. मांगं राह्यली वाटते."

आम्ही थांबलो. त्यानं पाय टेकला, हात कपाळावर आडवा धरला आणि आलो होतो त्या रस्त्याकडे पाहत राहिला. मी त्याच्या शेजारी उभी. म्हणावंसं वाटलं, दादा, मी इथं आहे. म्हटलं नाही. तो इतक्या आनंदानं वाट पाहत होता. पांढरा रस्ता सरळ मागं गेलेला, शेवटाला उन्हात थरथरत होता. ज्वारीची पानं एकमेकांवर घासत होती. मीही तिकडेच पाहत होते. किती वेळ, कोणास ठाऊक. पाहता पाहता आता ती येईल असं मलाही वाटायला लागलं. तेव्हाची. पोटऱ्या ओल्या झालेली, भ्यालेली, हसणारी.

दादाचा चेहरा उजळला.

"आली," तो म्हणाला. "चाला."

रस्त्यावर कोणी नव्हतं. तो सायकलवर बसला आणि निघाला. मी निघाले. पुढे त्या सगळ्या वाटेनं तो रस्त्याच्या एका कडेनं चालवत राहिला, मला दुसऱ्या कडेला ठेवून, मधे एक सायकल मावेल एवढी जागा सोडून. मधूनमधून तो त्या जागेकडे मान वळवायचा आणि काहीतरी हळू आवाजात बोलायचा. मी कान दिला नाही. ते माझ्यासाठी नव्हतं.